पाण्याऐवजी

अतिराऊ, जानेवारी. वजा बावीस.
उराल नदीवर लोक खुर्ची टाकून मासे धरतात या दिवसांत,
आणि आमच्या यार्डात पाणी
पाइप भरायच्या आत दगड होतं.
म्हणून ठरलं, चाचणी हवेवर.

पाण्याचं एक बरं असतं, ओरिनबासार,
दाबलं तरी ते फारसं दाबलं जात नाही,
आणि सुटलं की जिथल्या तिथे ढेपाळतं.
हवा मनात धरून ठेवते.
हे मी तुला सांगायला हवं होतं.
हे तुला माहीत होतं.
दोन्ही खरं आहे, आणि त्याने काही भरून येत नाही.

फ्लँजवर साबणाचं पाणी फासायचं,
बुडबुडा आला की गळती.
तेही गोठायचं, म्हणून तू त्यात व्होडका ओतलीस
आणि म्हणालास, "पाइपसुद्धा माझ्या मेहुण्यासारखा,
प्याल्याशिवाय खरं बोलत नाही."
सगळे हसलो. हसण्याची वाफ झाली,
भुवयांवर पांढरी बसली.

आठ भोकं. सहा बोल्ट.
उरलेले दोन अक्ताऊच्या गोदामातून येत होते,
म्हणजे कागदावर येत होते.
माझ्या तक्त्यात आठ रकाने, आठ बरोबरच्या खुणा.
सातवी आणि आठवी मीच केली,
हातमोजा काढून,
गोठलेलं पेन तोंडात धरून, शाई उतरेपर्यंत थांबून.
एवढा वेळ होता माझ्याकडे.

काटा चाळीस बारवर.
बुडबुडा आला, मटाराएवढा,
मग त्याला चिकटून दुसरा.
रेडिओवर झुमागाली:
"दाब उतरवला तर पुन्हा चढवायला चार तास जातील.
जरा आवळून बघ."

जरा.
अहवालात हा शब्द कुठेच नाही.
मी एकेक पान बोट ठेवून वाचलं.

आवाज मला आठवत नाही.
आधी बर्फ उडालं,
मग कडेची लाल फीत एकदम ताठ झाली,
मग तू दिसलास, भिंतीला टेकून बसलेला,
जेवणाला अजून वेळ आहे असा.
पाना अजून हातात घट्ट होता.
हात तुझ्याजवळ नव्हता.

"कारण: कामगाराचा निष्काळजीपणा."
खाली माझी सही.
हो, केली.
तीन रात्रींनंतर दुसरा कागद लिहिला,
त्यात खुणा सहाच.
तो अस्तानाला गेला म्हणतात.
कुणाच्या खणात आहे, कोण जाणे.

दवाखान्यात कुल्याश मला म्हणाली,
"रौशन, उजवीकडे बस,
डाव्या कानात अजून शिट्टी वाजते त्याच्या."
तिने चहाचा कटोरा तुझ्या ओठांना लावला,
तू मान वळवलीस, मग प्यालास.
मी आणलेली सफरचंदं खिडकीत तशीच.
कापणार कोण, हा प्रश्न
आपल्यापैकी कुणीच विचारला नाही.
मी तोंड उघडलं, खुणांचं सांगायला,
आणि तूच विचारलंस,
"ती लाइन पास झाली का?"

झाली, ओरिनबासार. एप्रिलात.
चिखल झाला होता सगळीकडे, आणि पाणी पाण्यासारखं वागत होतं.
या वेळी बोल्ट आठ, मी हाताने मोजले, दोनदा.
तरी त्याच जोडावर एक थेंब आला.
लोंबला. पडला.
माझ्या बुटावर पडला, आणि कुणी दचकलंही नाही.
झुमागाली माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हणाले, दाब उतरवा.

उतरवला. गॅस्केट बदललं. पुन्हा चढवला.
आम्ही तेवढ्यात पत्र्याच्या खोलीत चहा घेतला,
कुणीतरी पत्ते काढले, मी खेळले नाही.
घड्याळ बघत होते.

चार तास नाही लागले.
तीन तास चाळीस मिनिटं.